पेरू आणि पनीर

सहावीच्या वर्गाला मराठी शिकवताना ‘पेरू’ हा शब्द आला की आमच्याकडे दरवर्षी थोडा गोंधळ होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलं बाजारात पेरू मागतात, उर्दूच्या पुस्तकात तोच ‘अमरूद’ म्हणून वाचतात, इथवर ठीक. पण एकदा एका चुणचुणीत मुलीनं लुगत उघडून पुढ्यात ठेवली. उर्दूत ‘पेरू’ म्हणजे एक पक्षी. कोंबड्याहून मोठा, गळ्याखाली लाल झोळी लोंबणारा. “मिस, मराठीत हा पक्षी झाडाला लागतो का?” वर्ग हसला, आम्हीही हसलो. (उर्दूत शिकवून शिकवून ‘मैं’च्या जागी ‘हम’ म्हणायची सवय जडली आहे. मराठीत लिहिताना ती ‘आम्ही’ होऊन येते. वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

त्या पक्ष्याशी प्रत्यक्ष गाठ पडली २०२३ च्या नोव्हेंबरात, शिकागोला, आपाच्या घरी. अब्बांच्या इंतकालानंतर अम्मी घरात फार गप्प झाली होती. आपा अकरा वर्षं बोलावत होती. अखेर व्हिसा झाला, दिवाळीच्या सुट्टीला थोडी रजा जोडली आणि आम्ही दोघी रत्नागिरीहून निघालो. अम्मीच्या बॅगेत आमसुलं, सुका जवळा आणि तिचा मुसल्ला. बाकी सगळं तिकडे मिळतं, असं आपानं बजावलं होतं.

हा पक्षी मूळचा अमेरिकेचा, मेक्सिकोकडच्या लोकांनी पाळलेला. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे गोव्यात आला. बादशाह जहांगीरच्या दरबारात १६१२ साली मुकर्रब खाननं गोव्याहून ज्या नवलाच्या चिजा आणल्या, त्यांत हा होता. बादशाहला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण त्यानं तुझुकमध्ये त्याचं बारीक वर्णन लिहून ठेवलं. मस्तीत आला की डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे कसे बदलतात, तेसुद्धा. उस्ताद मन्सूरनं त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. नावाची गंमत तर पुढेच आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कांचा समजून ‘टर्की’ म्हटलं, तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे आपला. मिसरमध्ये तो ‘दीक रूमी’, रूमचा कोंबडा. पोर्तुगीजांनी पेरू देशाचं नाव दिलं, तेच उर्दूत आलं. ज्याला त्याला हा पक्षी दुसऱ्याच्या घरचा वाटला.

आपाच्या घरी मात्र तो रोजचा होता. फ्रीज उघडला की हलाल टर्कीच्या पातळ कापांचं पाकीट. आपाची मुलगी नऊ वर्षांची. शाळेत जेवणाच्या वेळी बाकीच्या मुलांच्या डब्यात हॅम आणि चीज, हिच्या डब्यात टर्की आणि चीज. दिसायला दोन्ही सँडविचं जवळजवळ सारखी, म्हणून तिला ते आवडायचं. वेगळं खाऊनही वेगळं दिसायला नको. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, आम्हाला हे कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं नानीसाठी स्वतःच्या हातानं सँडविच केलं. पाव भाजला, मोहरीची चटणी लावली, टर्की ठेवली, वर पिवळसर चीजचे दोन काप. कडा कापून त्रिकोण केले. अम्मीनं बिस्मिल्लाह म्हणून हात पुढे केला आणि थांबली.

“हे पनीर कशानं फाडलंय?”

आम्ही तिघीही गप्प. टर्कीबद्दल तिनं विचारलं नव्हतं. ती डेव्हन अव्हेन्यूच्या हलाल दुकानातून येते, हे आपानं आधीच सांगितलं होतं. पण पनीर म्हटलं की अम्मीच्या डोळ्यापुढे येतं तिचं स्वतःचं पातेलं, उकळतं दूध आणि अर्धं लिंबू. लिंबानं फाटलेल्या पनीरात एवढी चव नसते, एवढी लवचीकता नसते, हे तिला कापाकडे बघूनच कळलं होतं. “मला भूक नाही गो,” ती म्हणाली आणि ताटली हळूच मुलीकडे सरकवली. पोरीनं ती उचलली, आईकडे पाहिलं आणि खोलीत निघून गेली. दिवसभर ती नानीशी इंग्रजीतच बोलली. अम्मीला इंग्रजी येत नाही.

आता अम्मीचा प्रश्न काही वेडा नव्हता. बहुतेक कडक चीज लिंबानं किंवा दह्यानं होत नाहीत. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरात एक द्रव असतो, तो पोटातलं दूध जमवतो. त्याचं नाव रेनेट. उर्दू-फारसीत त्याला फार सुंदर शब्द आहे, पनीरमाया. वासरू हलाल पद्धतीनं जिबह झालेलं नसेल, तर त्याच्या जठरातल्या या पनीरमायाचं काय? इथे आपले इमाम वेगवेगळं सांगतात. इमाम अबू हनीफांच्या मते ते पाकच. आपण कोकणातले लोक शाफई, आणि शाफई मजहबात जनावर नीट जिबह झालेलं असलं तरच ते पाक, नाही तर नापाक. आपाचं लग्न झालं मालेगावच्या घरात. दुल्हाभाई हनफी. म्हणजे एकाच दस्तरखानावर, एकाच ताटलीतलं पनीर जावयाला चालतं आणि सासूला चालत नाही. निकाहाच्या वेळी दोन्हीकडच्या थोरांनी मेहेर, मानपान, सगळ्यावर बोलणी केली होती. पनीरमायाचा विषय कुणाला सुचला नव्हता!

रात्री दुल्हाभाईंनी अदबीनं विषय काढला. तबूकच्या मोहिमेत हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यापुढे पनीर आलं, त्यांनी सुरी मागवली, बिस्मिल्लाह म्हटलं आणि कापलं, अशी रिवायत अबू दाऊदमध्ये आहे, हे त्यांनी सांगितलं. अम्मीनं पदर सावरून ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुम्ही सांगता ते बरोबरच असेल. पण शक आला तर सोडून द्या, हेही त्यांनीच सांगितलंय ना?” यावर जावई काय बोलणार? ते चहा प्यायला लागले.

आम्हाला तेव्हा एक गोष्ट सुचली आणि थोडी शरमही वाटली. रत्नागिरीत भाचे-पुतणे आले की पिझ्झा येतो आणि अम्मी एखादा तुकडा खाते. तिथे तिला शक येत नाही, कारण आपल्या अमूलच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. ते चीज जनावराच्या रेनेटनं करत नाहीत, सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या एन्झाइमनं करतात. शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी छापलेल्या त्या ठिपक्यानं इतकी वर्षं आमच्या शाफई अम्मीची राखण केली, आणि आमच्या ध्यानातही आलं नाही. अमेरिकेत तो ठिपका नाही. पाकिटावर नुसतं ‘एन्झाइम्स’ असं लिहितात. कशाचे, ते लिहीत नाहीत.

शनिवारी आम्ही सगळ्या दुकानात गेलो. चीजची भिंत बघून आम्ही चक्रावलो. आपा मात्र सराईत. तिचं म्हणणं असं की टर्कीच्या छातीचं मांस पांढरं, चरबी अगदी कमी आणि चवीला सौम्य. कोंबडीपेक्षाही कोरडं. त्याला चीज हवं ते दोन कामांसाठी, ओलावा द्यायला आणि थोडी खारट-आंबट धार द्यायला. पण चीज इतकं उग्र नको की टर्की आहे की पुठ्ठा आहे ते कळू नये. निळ्या बुरशीचं चीज म्हणूनच तिनं हातात घेऊन परत ठेवलं. अम्मीनं लांबूनच वास घेतला होता आणि नाकाला पदर लावला होता.

थंड सँडविचसाठी आपाची पहिली पसंती स्विस. भोकं भोकं असतात तेच. ती भोकं उंदरांनी पाडलेली नसतात. त्यातले जिवाणू वायू सोडतात, त्याचे ते बुडबुडे. चव किंचित गोड, अक्रोडासारखी, आणि इतर चीजपेक्षा मीठ कमी. पाकीटबंद टर्कीचे काप आधीच खारवलेले असतात आणि दुल्हाभाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे हे दोन्हीकडून सोयीचं. गरम, तव्यावर दाबून करायचं असेल तर मॉन्टेरे जॅक. हे कॅलिफोर्नियाचं, लोण्यासारखं मऊ, पटकन वितळतं. त्यातच हिरव्या मिरचीचे तुकडे घातलेलं पेपर जॅक मिळतं, ते आम्हाला सगळ्यांत आवडलं. शेवटी आम्ही कोकणातल्या. चेडर घ्यायचं तर टर्कीबरोबर सफरचंदाच्या पातळ चकत्या घालाव्यात. पण फार मुरलेलं चेडर गरम करू नये, तेल सुटून वेगळं होतं. चेडरच्या केशरी रंगाची आम्हाला शंका आली म्हणून आम्ही पाकीट वाचलं, तर तो रंग ॲनॅटोचा, म्हणजे आपल्या शेंद्रीच्या बियांचा निघाला. अम्मीला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला. “शेंद्री इथं आली होय!”

आणि मग तिथेच, त्या भिंतीपुढे, भाचीनं नानीचा चष्मा मागून घेतला. अक्षरं फार बारीक होती, हे खरं. पण आम्हाला वाटतं तिला काहीतरी करायचं होतं. ती एकेक पाकीट उलटं करून वाचायला लागली. ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेबल रेनेट’ असेल तर गाडीत. नुसतं ‘एन्झाइम्स’ असेल तर परत फळीवर. एका पाकिटावर चंद्रकोरीतला ‘एम’ सापडला, ते तिकडचं हलालचं चिन्ह. तिनं ते डोक्यावर धरून नाचवलं. काहींवर यहुद्यांचं कोशरचं चिन्ह होतं. तेही आपा घेते, कारण त्यांच्याकडेही रेनेटची चौकशी कडक असते. गंमत अशी की ज्यांच्या चिन्हावर विसंबून आपण ते चीज टर्कीवर ठेवतो, त्या यहुद्यांना स्वतःला मात्र मांस आणि दूध एका घासात चालत नाही.

काउंटरवर ताजे काप करून देणारा एक माणूस होता. ते चीज ताजं आणि स्वस्तही. आपा तिथे थांबत नाही. ज्या यंत्रावर हॅम कापतात त्याच पात्याखाली चीजही जातं. तिनं पाकीटबंद घेतलं आणि पुढे गेली. हे तिनं आम्हाला कधी फोनवर सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं ही पोरगी एकेका पात्याचा हिशोब ठेवून घर चालवते आहे, आणि आम्ही तिकडे म्हणायचो की आपा अमेरिकेत जाऊन बदलली.

गाडीत दुल्हाभाईंनी आणखी एक माहिती दिली. आता अमेरिकेतली बहुतांश चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं होतच नाहीत. वासराचा जो जनुक हे एन्झाइम बनवतो तो सूक्ष्मजीवात घालतात, मग तो सूक्ष्मजीवच टाकीमध्ये ते बनवत राहतो. १९९० साली तिथल्या सरकारनं याला परवानगी दिली. हलालचे दाखले देणाऱ्या अनेक संस्था ते मान्य करतात. अम्मीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. “म्हणजे ते वासराचं म्हणायचं की बुरशीचं?” दुल्हाभाई इंजिनिअर आहेत. ते सिग्नल हिरवा होईपर्यंत विचार करत होते. खरं सांगायचं तर आम्हीही अजून करतो आहोत.

गुरुवारी, २३ नोव्हेंबरला, त्यांचा थँक्सगिव्हिंग होता. हलाल टर्की आधी सांगून ठेवावी लागते. बारा पौंडांची गोठलेली टर्की, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो, फ्रीजमध्येच तीन दिवस वितळत ठेवली. अम्मीनं तिला आलं-लसूण, दही आणि तिखट लावलं. आपा म्हणाली एवढा मसाला इथे कुणी लावत नाही. अम्मी म्हणाली, म्हणूनच त्यांना चीज लागतं. तीन तास ती भट्टीत होती. मांसात काटा खुपसून १६५ फॅरनहाइट झालं का, ते भाची दर वीस मिनिटांनी बघत होती.

पण सँडविचचा खरा हंगाम सुरू होतो दुसऱ्या दिवशी, उरलेल्या टर्कीवर. आठ माणसं जेवूनही निम्मी उरली होती. क्रॅनबेरी म्हणून एक आंबट लाल फळ असतं, त्याचा मुरांबा टर्कीबरोबर खातात. चवीला आपल्या करवंदाची आठवण देतं. तो मुरांबा, टर्की आणि ब्री नावाचं मऊ, पांढऱ्या सालीचं चीज, हे तिघं एकत्र इतके चांगले लागतात की आम्ही एरवी अशी तारीफ करत नाही. आंबट, गोड आणि लोण्यासारखं, आणि मधोमध ते सौम्य मांस. पण आम्हाला मिळालेल्या ब्रीवर फक्त ‘एन्झाइम्स’ होतं. आम्ही खाल्लं, अम्मीनं नाही. शाफई आम्हीही आहोत. हे इथे लिहून टाकलं म्हणजे बरं.

केंटकीच्या लुइव्हिल शहरातल्या ब्राउन हॉटेलात १९२६ साली एक पदार्थ निघाला, हॉट ब्राउन. पावावर टर्की, वर चीज घातलेला पांढरा सॉस आणि त्यावर डुकराची पट्टी, मग ते भट्टीत खरपूस करायचं. आपा ती पट्टी काढून टर्कीचीच खारवलेली पट्टी घालते आणि सॉसमध्ये टोमॅटोबरोबर थोडी मिरची. शेवया आणि टर्कीचा दुसरा एक पदार्थ करताना मात्र घरात वाद झाला. त्यावर पार्मेजान किसून घालतात. इटलीचं अस्सल पार्मिजानो-रेज्जानो वासराच्या रेनेटशिवाय करताच येत नाही, तसा त्यांचा नियमच आहे. अमेरिकेत बनणारं पार्मेजान बहुधा वेगळ्या एन्झाइमचं असतं. दुल्हाभाईंना अस्सल हवं होतं. आपानं दोन वेगळ्या ताटल्या केल्या, एकावर इटली, एकावर अमेरिका, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता खाल्लं. असं त्यांचं बरेचदा होत असावं, ताटल्या जोडीनंच रचलेल्या होत्या.

आम्हाला विचाराल तर टर्कीचा खिमा सगळ्यांत बरा. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून त्याच्या टिक्क्या, आणि आत बोटाएवढा चीजचा तुकडा. कोरडेपणा आपोआप जातो. अम्मीनं त्यात आमसूल घातलं. चीज आणि आमसूल हे कुठल्या पुस्तकात नसेल.

परतीच्या आदल्या सकाळी भाचीनं पुन्हा ताटली आणली. या वेळी पावावर क्रीम चीज होतं. ते दूध-सायीला विरजण लावून आंबवून करतात, आपल्या दह्याची बहीणच म्हणा. पाकिटावर दूध, साय, मीठ, विरजण आणि डिंक, एवढंच. रेनेट नाही, एन्झाइमही नाही. तिनं पाकीट ताटलीच्या शेजारी उभं करून ठेवलं होतं, नानीनं वाचावं म्हणून. नानीला वाचता येत नाही हे ती विसरली होती की काय, कोण जाणे. मग तिनंच वाचून दाखवलं, एकेक शब्द उर्दूत करून. ‘विरजण’ तिला येईना. आम्ही ‘जामन’ सांगितलं.

अम्मीनं अर्धं सँडविच खाल्लं. “मिर्ची कम है,” ती म्हणाली. पोरगी पळत जाऊन लोणच्याची बाटली घेऊन आली.

आम्ही रत्नागिरीला परतल्यावर तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर तिचा आवाज आला. प्रोवोलोन नावाचं चीज तिच्या फार आवडीचं. टर्कीच्या गरम सँडविचवर ते तार धरतं आणि थोडं झणझणतं. त्यावर नुसतं ‘एन्झाइम्स’ होतं, म्हणून तिनं कंपनीला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं. रेनेट सूक्ष्मजीवांचं आहे, पण तो झणझणीतपणा यावा म्हणून त्यात आणखी एक एन्झाइम घालतात, ते बकरीच्या पिलाचं. नानी, अब क्या करें?

अम्मी तेव्हा तांदूळ निवडत होती. तिनं तो आवाज दोनदा ऐकला. मग सूप बाजूला ठेवलं.

“तिला म्हणावं, पुन्हा लिही. बकरी कुणी कापली ते विचार.”